क्विझबोल नॅशनल्स: एकच मुलगा सगळी उत्तरं देतो, बाकीच्या तिघांनी काय करायचं?

निशिगंधा (कोलंबस, ओहायो)

मंडळी, मदत हवी आहे.

माझी मुलगी दहावीत आहे. तिच्या शाळेचा क्विझबोलचा (बझर दाबून उत्तर द्यायच्या प्रश्नमंजुषेचा) संघ यंदा पहिल्यांदाच एचएसएनसीटीला, म्हणजे हायस्कूल नॅशनल चॅम्पियनशिप टूर्नामेंटला, पात्र ठरला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नॅशनल अकॅडमिक क्विझ टूर्नामेंट्स, म्हणजे जिला 'नॅक्ट' म्हणतात ती संस्था, दरवर्षी मेच्या शेवटी मेमोरियल डेच्या सुट्टीत अमेरिकेतल्या हायस्कूलांची ही राष्ट्रीय स्पर्धा भरवते. तीनशेच्या आसपास संघ येतात. नॅक्टचे प्रश्न वापरणाऱ्या स्थानिक स्पर्धेत वरच्या १५ टक्क्यांत आलात की पात्र. आम्ही अटलांटाला जाणार, तिकिटं काढून झाली.

माझी अडचण वेगळीच आहे. संघात चौघं असतात. आमच्यातला बारावीचा एक मुलगा विलक्षण आहे. इतिहास, साहित्य, विज्ञान काहीही विचारा, प्रश्न अर्धा वाचून व्हायच्या आत त्याचा बझर वाजलेला असतो. अतिशय गुणी मुलगा, गर्व नाही, सगळ्यांशी नीट वागतो. पण बाकीची तिघं दिवसभर नुसती बसून असतात. माझ्या मुलीला चित्रकलेतलं खूप कळतं, पौराणिक कथा तिला लहानपणापासून आवडतात. तरी स्पर्धेच्या शेवटी आकडे लागतात तेव्हा तिच्या नावापुढे जेमतेम काहीतरी असतं. परवा म्हणाली, "आई, मी नाही आले तरी आपला स्कोअर तेवढाच येईल."

कोच केमिस्ट्रीच्या बाई आहेत. फार मनापासून करतात, पण त्यांनाही हे नवीनच. इथे कुणाची मुलं खेळली असतील तर सांगा. तिसऱ्या-चौथ्या खुर्चीवरच्या मुलाने नॅशनल्सची तयारी कशी करायची? आणि तिचं म्हणणं खरं आहे का?

मृद्गंध

अभिनंदन! वाचतेय.

बझरवाला (न्यू जर्सी)

निशिगंधाताई, आधी लेकीचं अभिनंदन. माझी दोन्ही मुलं चार-चार वर्षं खेळली, मी स्वतः गेली काही वर्षं शनिवारी प्रश्न वाचायला जातो. त्यामुळे जरा लांब लिहितो.

तिचं म्हणणं खरं नाही, आणि हे गणितानेच दाखवता येतं. टॉसअपला १० गुण, लवकर उत्तर दिलं तर पॉवरचे १५. टॉसअप जिंकला की त्या संघाला बोनस मिळतो: तीन भाग, प्रत्येकी १०, एकूण ३०. म्हणजे बझर दाबून मिळतात त्याच्या दुप्पट-तिप्पट गुण त्यानंतरच्या बोनसमध्ये असतात. टॉसअपला एकमेकांशी बोलायची परवानगी नाही. बोनसला मात्र चौघांनी मिळून ठरवायचं असतं आणि कॅप्टनने उत्तर द्यायचं. स्कोअरशीटवर बोनस 'संघाच्या' नावावर जातो, त्यामुळे तो कुणाच्या डोक्यातून आला हे कुठेच दिसत नाही. तुमची मुलगी जे आकडे बघतेय त्यात तिचं अर्धं काम मोजलेलंच नाही.

दुसरं, तुमच्याकडे जे चाललंय त्याला या खेळात 'शॅडो इफेक्ट' म्हणतात. तिला उत्तर येतं, पण शेजारचा दोन शब्द आधी दाबतो. सावलीतला खेळाडू किती चांगला आहे हे तो सावलीतून बाहेर आल्याशिवाय कळत नाही. कोचबाईंना सांगा, उरलेल्या सरावांत आठवड्यातून एकदा त्या मुलाला वाचायला बसवा आणि तिघांना खेळवा. एखादी स्थानिक स्पर्धा उरली असेल तर तिला बी टीमची कॅप्टन करा. माझ्या धाकटीचं असंच झालं होतं. भाऊ शेजारी असताना गप्प, आणि बी टीममध्ये गेली तर सामन्याला चार-पाच टॉसअप.

आणि एक साधं काम: सरावात कुणीतरी कागद घेऊन बसा आणि बोनसचा प्रत्येक भाग कोणी सांगितला ते लिहा. तिला तो कागद दाखवा.

ठाणेकर_सुहास

टॉसअप, बोनस, पॉवर... आम्हा इथल्या लोकांसाठी कुणी उलगडून सांगेल का? मी शाळेत असताना क्विझ म्हणजे "भारताचे पहिले अमुक कोण". यात अर्धा प्रश्न ऐकून उत्तर कसं देतात?

बझरवाला

@सुहास, टॉसअप म्हणजे ज्याचं उत्तर एकट्याने बझर दाबून द्यायचं तो प्रश्न. तो पिरॅमिडसारखा रचलेला असतो. पहिलं वाक्य सगळ्यात अवघड, शेवटचं सगळ्यात सोपं. वाचणारा वाचत जातो, ज्याला जिथे कळेल तिथे त्याने दाबायचं. ज्याला विषय खोलवर माहीत आहे तो आधी दाबतो. मध्येच दाबून चुकलात तर ५ गुण वजा, त्याला 'नेग' म्हणतात. मग त्या प्रश्नापुरता तुमचा संघ बाद, आणि समोरच्यांना उरलेला प्रश्न निवांत ऐकायला मिळतो. इंग्रजी उदाहरण देण्यापेक्षा मराठीतच एक रचतो. (*) ही खूण यायच्या आत बरोबर उत्तर दिलं तर पॉवर.

"इथल्या खडकांत मास्केलिनाइट नावाची काच सापडल्यावर हा खळगा ज्वालामुखीमुळे झाला हा जुना समज मागे पडला. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ साली याची नोंद केली. बेसाल्ट खडकात असल्यामुळे याची तुलना चंद्रावरच्या विवरांशी करतात. (*) याच्या जवळच्या गावात दैत्यसूदनाचं मंदिर आहे. २०२० साली याला रामसर दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये याचं पाणी गुलाबी झालं. १० गुणांसाठी: बुलढाणा जिल्ह्यातलं, उल्कापातातून झालेलं हे खाऱ्या पाण्याचं सरोवर कोणतं?"

कुठे दाबलंत ते प्रामाणिकपणे सांगा.

ठाणेकर_सुहास

गुलाबी पाणी! लोणार. हे भारी आहे.

विदर्भकन्या

बेसाल्टला. पॉवर द्या माझी :) आम्ही मेहकरचे, शाळेची सहल दरवर्षी तिथेच.

जाता जाता, दैत्यसूदन मंदिर हा क्लू आमच्याकडच्या माणसाला बेसाल्टपेक्षा सोपा आहे. मुंबईच्या माणसाला उलट वाटेल.

बझरवाला

@विदर्भकन्या, अगदी मुद्द्याला हात घातलात. प्रश्न लिहिणाऱ्याचं निम्मं कसब यातच आहे: कोणता क्लू कुणाला आधी माहीत असेल. अमेरिकन पॅकेटमध्ये (प्रश्नसंचात) भारताबद्दलचा टॉसअप आला की हीच मजा होते. तिथल्या लेखकाला पुरंदरचा तह अवघड वाटतो म्हणून तो पहिल्या-दुसऱ्या वाक्यात टाकतो, आणि आपल्या घरातली मुलं तिथेच दाबतात. शिवाजी महाराजांवरच्या टॉसअपला माझ्या मुलाने एकदा इतक्या लवकर दाबलं की समोरच्या संघातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

गणिती_किडा

मलाही एक टाकू द्या. सोपा आहे.

"यांना १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना यांनी डेम्लो हे नाव दिलं. अंकांच्या बेरजेने ज्यांना पूर्ण भाग जातो अशा संख्यांना यांनी हर्षद म्हटलं. (*) १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात यांच्याबद्दल लिहिल्यावर जगाला यांची ओळख झाली..."

ठाणेकर_सुहास

बझ! रामानुजन!

गणिती_किडा

नेग. वजा ५. रामानुजन १९२० सालीच गेले हो. पुढचं ऐका: "...हे देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. १० गुणांसाठी: ६१७४ हा स्थिरांक कुणाच्या नावाने ओळखला जातो?"

विदर्भकन्या

कापरेकर. सुहासदादांच्या नेगमुळे आम्हाला पूर्ण प्रश्न मिळाला, धन्यवाद :)

सडेतोड_पुणेकर

स्पष्ट लिहितो, राग नसावा. खिशात फोन असताना दैत्यसूदन मंदिर कुठे आहे हे पाठ करून काय साधतं? आपण भारतातल्या पाठांतराला नावं ठेवून तिकडे गेलो आणि तिकडे मुलांना तेच करायला लावतोय. त्यापेक्षा मुलांनी एखादा रोबोट बनवावा, लेख लिहावा. आणि कॉलेजच्या प्रवेशाला याचा खरोखर उपयोग होतो का?

चित्रलेखा_ऑस्टिन

@सडेतोड_पुणेकर, तुमचा आक्षेप मीही मुलीपुढे ठेवला होता. तिने काय केलं ते सांगते, कारण निशिगंधाच्या मुलीलाही ते उपयोगी पडेल.

तीही चित्रकलेच्या प्रश्नांची जबाबदारी घेणारी. सुरुवातीला आँकी या पाठांतराच्या अ‍ॅपवर कार्डं करायची: चित्र, चित्रकार, दोन ओळी. कार्डं शेकड्यांनी झाली आणि तरी सामन्यात हुकायचं. कारण प्रश्नकर्ता कार्डावरचे दोन क्लू देईलच असं नाही. मग तिने पद्धत बदलली. एक चित्र घ्यायचं, दहा मिनिटं नुसतं बघायचं आणि दिसेल ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. वेलास्केझचं 'लास मेनिनास' घ्या. मागच्या भिंतीवरच्या आरशात राजाराणी दिसतात. उघड्या दारात पायरीवर एक माणूस उभा आहे. चित्रकाराच्या छातीवर लाल क्रॉस आहे. पुढे आडव्या झालेल्या कुत्र्याला एक मुलगा पायाने डिवचतोय. हे सगळं बघून लिहिलेलं असलं की प्रश्न कोणत्याही कोपऱ्यातून येवो, चित्र डोळ्यासमोर उभं राहतं. याला मी पाठांतर म्हणणार नाही. पुढे माद्रिदला गेलो तेव्हा ती प्रादो संग्रहालयात त्या चित्रापुढून हलायला तयार नव्हती आणि आम्हा तिघांना तिने ते दाखवत दाखवत समजावलं.

कॉलेजप्रवेशाचं मला माहीत नाही आणि त्यासाठी आम्ही ते केलंही नाही.

जुना_क्विझर (पुणे)

छान धागा. मी सीओईपीचा (पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज), बोट क्लब क्विझ क्लबच्या रविवारच्या बैठकांत वाढलेला. थोडा इतिहास आणि थोडं मतभेदाचं.

या बझरच्या खेळाचं मूळ अमेरिकेतल्या 'कॉलेज बोल'मध्ये आहे. डॉन रीड यांनी ते बसवलं, १९५३ मध्ये रेडिओवर आलं, १९५९ पासून टीव्हीवर. त्यावरूनच १९६२ मध्ये ब्रिटनचं 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' निघालं. आपल्याकडे नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये कलकत्त्यात पहिली खुली क्विझ घेतली. मग रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ, हमीद सयानी आणि नंतर अमीन सयानी यांचे आवाज, आणि १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम'.

पण पुढे वाटा वेगळ्या झाल्या. आपल्याकडची क्विझ 'वर्क आउट' करायची असते. प्रश्नात धागेदोरे असतात, संघ कुजबुजतो, दोन टोकं जुळतात आणि उत्तर उलगडतं. आठ संघ, बाउन्स (एकाला नाही आलं की प्रश्न पुढच्या संघाकडे), पाउन्स (पाळी नसतानाही लिहून उत्तर द्यायचं). कधीही न वाचलेली गोष्टही डोकं लढवून सापडते, आणि तो आनंद मला सगळ्यात मोठा वाटतो. क्विझबोलमध्ये माहीत असेल तर आहे, नसेल तर नाही. हे माझं वैयक्तिक मत, पण आपली पद्धत जास्त रसाळ आहे.

लंडनची_मावशी

+१ रसाळपणाबद्दल. पण आपल्याकडच्या क्विझमध्ये वर्षानुवर्षं मुली किती दिसतात हेही लिहा ना. मी कॉलेजात एकटी असायचे.

जुना_क्विझर

@लंडनची_मावशी, तुमचं म्हणणं खरं आहे. आता थोडं बदलतंय, पण थोडंच.

बझरवाला

@जुना_क्विझर, आदर ठेवून असहमत. 'माहीत असेल तर आहे' इतकं सरळ ते नाही. चांगल्या टॉसअपमध्ये मुलं सतत अंदाज बांधत असतात: काळ कोणता, देश कोणता, विचारताहेत ते माणूस आहे की लढाई. तीन वाक्यांत शक्यता गाळत गाळत एकावर येतात आणि नेगचा धोका पत्करून दाबतात. तेही वर्क आउटच, फक्त सेकंदांत. आणि सगळ्या संघांना तोच प्रश्न, त्याच क्रमाने. कुणाच्या वाट्याला सोपा आला, कुणाच्या अवघड, अशी तक्रार उरत नाही.

@लंडनची_मावशी, मुलींचं प्रमाण इकडेही कमीच आहे, विशेषतः वरच्या संघांत. म्हणून निशिगंधाताईंची मुलगी टिकायला हवी असं मला फार वाटतं.

बे_एरियाची_अनु

आमच्याकडे रामायण-महाभारत 'मिथॉलॉजी'त येतं आणि उपनिषदं, दिवाळी वगैरे 'रिलिजन'मध्ये. मला हे खटकतं. ज्या गोष्टी आपण आजही श्रद्धेने ऐकतो त्या ग्रीक देवांच्या रांगेत. मुलाचं म्हणणं, "आई, कुठेही ठेवू देत, गुण आपलेच."

चित्रलेखा_ऑस्टिन

मुलगा व्यवहारी आहे :) मला स्वतःला चालतं. महाभारतावरचा टॉसअप ऐकून समोरच्या संघातला मुलगा घरी जाऊन कर्णाबद्दल वाचतो, यात आपलं काही कमी होत नाही.

सडेतोड_पुणेकर

@चित्रलेखा_ऑस्टिन, चित्र बघून लिहिण्याची गोष्ट आवडली. तसं करत असतील तर माझा विरोध नाही. पण सगळी मुलं तसं करतात का?

चित्रलेखा_ऑस्टिन

नाही, सगळी नाही करत. तेच तेच क्लू पुन्हा पुन्हा येतात, त्यांना 'स्टॉक क्लू' म्हणतात, आणि काही मुलं तेवढेच घोटतात. स्थानिक स्पर्धांत ते खपतं. नॅशनल्सला लेखक मुद्दाम ते मागे ढकलतात, तिथे ही मुलं अडकतात.

डॅलसचा_दादा

मूळ प्रश्नाकडे येतो. मी स्वतः हायस्कूलमध्ये खेळलोय, आता कॉलेजमध्ये खेळतो. आई-बाबांच्या धाग्यात घुसलोय, चालवून घ्या. मराठी टायपिंग हळू आहे.

मी तुमच्या त्या बारावीच्या मुलासारखा होतो. एकटा जनरलिस्ट स्थानिक स्पर्धा जिंकून देतो. नॅशनल्सला नाही. तिथे समोर प्रत्येक विषयाला एक-एक खरा जाणकार असतो, आणि एकाच डोक्यात सगळे विषय तेवढ्या खोलीचे मावत नाहीत. आम्ही शेवटच्या वर्षी विषय वाटून घेतले. मी साहित्य आणि इतिहास, एक जण फक्त विज्ञान, एक जण भूगोल आणि चालू घडामोडी, एक मुलगी चित्र-शिल्प-संगीत आणि धर्म. तिच्या विषयाचा टॉसअप आला की मी हात बझरवरून काढायचो. अक्षरशः मांडीवर ठेवायचो.

तुमच्या मुलीने आता उरलेल्या आठवड्यांत सगळं वाचू नये. चित्रकला आणि पुराणकथा, बस. जुनी पॅकेट्स मोफत मिळतात, क्यूबीरीडर या संकेतस्थळावर विषय निवडून एकटीला खेळता येतं. जिथे हुकलं तो क्लू शोधून वाचायचा, नुसतं उत्तर बघून पुढे जायचं नाही.

न्यू_जर्सीचे_काका

हात बझरवरून काढायचा हे मला पटत नाही. समोरचा संघ थांबत नसतो. ज्याला येतं त्याने दाबावं, गुण संघाचे असतात.

डॅलसचा_दादा

काका, बरोबर आहे, काही टॉसअप आम्ही त्यामुळे घालवले. पण सतत कुणीतरी आपल्या आधी दाबतं असं झालं की मुलगा ऐकणंच सोडून देतो. मग बोनसलाही गप्प बसतो. ते नुकसान जास्त मोठं.

बझरवाला

एक सूचना सगळ्यांसाठी. मुलांनी यंदाच्या स्पर्धेत ऐकलेले खरे प्रश्न इथे लिहू नका. तेच प्रश्न पुढच्या शनिवारी दुसऱ्या राज्यात वापरले जातात. या बाबतीत ही मंडळी फार कडक आहेत आणि असावंच. २०१३ मध्ये नॅक्टने हार्वर्डची कॉलेज स्तरावरची चार विजेतेपदं काढून घेतली, कारण संघातल्या एका खेळाडूला प्रश्नांची माहिती आधी बघता आली होती. शाळेतल्या मुलांना हे उदाहरण जरूर सांगा.

मृद्गंध

बापरे. वाचनखूण साठवली.

निशिगंधा

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या सरावात कोचबाईंनी कागद ठेवला. बोनसच्या भागांत जवळजवळ तिसरा हिस्सा मुलीचा निघाला, आणि भूगोलातले बरेच तर त्या चौथ्या मुलाचे, जो कधीच बझर दाबत नाही. तो स्वतःच थक्क झाला. तिला प्रादोच्या संकेतस्थळाचा नाद लागलाय, जेवायला बोलवावं लागतं.

अटलांटाला मी बरोबर जातेय. पालकांनी तिथे काय करायचं असतं?

बझरवाला

खोलीत शांत बसायचं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही आणि खाऊ सांभाळायचा. शनिवारी दहा सामने असतात. त्यातले सहा जिंकले तर रविवारच्या बाद फेरीत. शाळेकडे बझरचा संच असेल तर सोबत न्या, फीमध्ये सूट मिळते.

निशिगंधा

धागा वर आणतेय. परत आलो.

आधी निकाल: पाच जिंकले, पाच हरले. रविवारी खेळायला मिळालं नाही.

आता सविस्तर. तिथली कार्डांची पद्धत मला फार आवडली. सुरुवातीला प्रत्येक संघाला एका नंबरचं कार्ड देतात, त्यावर कोणत्या फेरीला कोणत्या खोलीत जायचं ते लिहिलेलं. सामना जिंकलात की दोन्हींपैकी लहान नंबरचं कार्ड तुमचं, हरलात की मोठं. त्यामुळे दिवस पुढे जातो तसे समोर तुमच्याच जोडीचे संघ येत जातात. म्हणून शेवटच्या फेरीला हॉटेलच्या त्या मजल्यावर पाच-चारवाले कितीतरी संघ एकमेकांसमोर बसलेले होते, आणि त्यातल्या निम्म्यांनाच पुढे जायचं होतं. कॉरिडॉरमध्ये मुलं उभ्याउभ्या वह्या चाळत होती. आम्हीही पाच-चारच होतो.

आमचा बारावीचा मुलगा दिवसभर झुंजला. पण डॅलसच्या दादाने लिहिलं तेच झालं. घरी तो तिसऱ्या ओळीत दाबायचा, इथे समोरचे दुसऱ्या ओळीत. चौथ्या सामन्यापर्यंत त्याचे नेग वाढले, कारण तो घाई करायला लागला. दुपारच्या जेवणाला चौघांनीच बसून ठरवलं की चित्रकला, पुराणकथा आणि भूगोल त्याने सोडायचे. कोचबाई किंवा मी काही बोललो नाही. त्यानंतर मुलीने सलग तीन सामन्यांत टॉसअप घेतले, त्यातली एक पॉवर. विषय सांगत नाही, बझरवाल्यांनी बजावलंय.

काकांचं म्हणणंही खरं ठरलं. शेवटच्या सामन्यात पुराणकथेचा एक टॉसअप होता. त्या मुलाला उत्तर येत होतं, तो तिच्यासाठी थांबला, तिला नक्की होत नव्हतं, आणि समोरच्यांनी घेतला. बोनसही त्यांनी पूर्ण केला. आम्ही त्याहून कमी फरकाने हरलो. बाहेर आल्यावर तिला रडू आलं. तो मुलगा म्हणाला की पुन्हा खेळायला मिळालं तरी तो तिथे थांबेल. ती म्हणाली, थांबायचं नाही, मला विचारायचंही नाही, दाबायचं. बराच वेळ दोघं त्यावर वाद घालत होती.

रविवारी आम्ही थांबून बाद फेरीचे सामने बघितले. तिथली मुलं काय ऐकतात आणि कुठे दाबतात! अंतिम सामन्याला मोठा हॉल भरलेला होता, आणि एखादी पॉवर आली की सगळे हरलेले संघसुद्धा टाळ्या वाजवत होते.

न्यू_जर्सीचे_काका

पहिल्याच वर्षी पाच सामने म्हणजे चांगलंच. मुलीला सांगा, काका म्हणतात तिचं बरोबर आहे.

डॅलसचा_दादा

मी त्या मुलाच्या बाजूने :)

पाच-पाच फार सन्मानाचं आहे. पुढच्या वर्षी तो नसेल. आता उन्हाळ्यातच ठरवा की साहित्य आणि इतिहास कोण घेणार, सप्टेंबरपर्यंत थांबू नका. तो इतका मोठा खेळाडू गेल्यावर बरेच संघ मोडतात, कारण बाकीच्यांनी ते विषय कधी उघडलेलेच नसतात.

निशिगंधा

@डॅलसचा_दादा, साहित्य तिने घेतलंय. इतिहासाला नववीतली एक मुलगी तयार आहे, तिच्या आजोबांनी तिला पानिपतापासून सुरुवात करून दिलीय म्हणे. भूगोलवाला आहेच. विज्ञानाची खुर्ची रिकामी आहे.

आणखी एक. मुलांच्या डोक्यात आहे की ऑक्टोबरमध्ये आपल्याच शाळेत मिडल स्कूलच्या नवख्या संघांसाठी एक दिवसाची स्पर्धा घ्यायची. खोल्या मिळतील. प्रश्न वाचणारी माणसं कमी पडताहेत. आपल्या उच्चारांचं काही अडतं का तिथे?

बझरवाला

अजिबात अडत नाही. अवघड नावांचे उच्चार पॅकेटमध्येच लिहिलेले असतात. आदल्या दिवशी दोन पॅकेट्स मोठ्याने वाचून बघा. एकसारख्या गतीने वाचायचं, आणि बझर वाजला की त्याच शब्दावर थांबायचं, एवढं सांभाळलं की झालं. मुलांच्या उच्चारांबाबतही नियम उदार आहे, काय म्हणायचंय ते स्पष्ट कळलं की देतात. तारीख कळवा, मला जमलं तर गाडी काढून येतो.

चित्रलेखा_ऑस्टिन

मी ऑक्टोबरमध्ये बहिणीकडे सिनसिनाटीला असणार आहे. शनिवार असेल तर मीही वाचायला येते. मुलगी कॉलेजातून येऊ शकली तर तिलाही आणते. तिला कुठलीही खोली द्या.

विदर्भकन्या

लोणारचा टॉसअप इंग्रजीत करून त्यांच्या सरावात घाला ना! दैत्यसूदन मंदिर बेसाल्टच्या आधी ठेवून.